चार पानांची कोटी

पोतोसीत संध्याकाळी साडेसहालाच
हाडं कुरकुरू लागतात.
रात्रशाळेच्या खोलीत हीटर एकच,
तो प्रोफेसोरा निकानोराच्या टेबलाखाली,
आणि ती उभी फळ्यापाशी.

(x − 1)² (x + 3) (2 − x)

"कंस सोडवू नका," ती म्हणते,
"गुणाकार करत बसलात तर इथंच उजाडेल.
मला कोटी सांगा फक्त.
आणि सांगा, रेघेची दोन टोकं
शेवटी कुठं जातात."

फोर्तुनातो कोल्के, वय एकोणीस,
नखांत दुपारच्या पाळीची धूळ,
पिशवीतून कोकाची पानं काढून बाकावर मांडतो.
पहिल्या कंसाला दोन.
दुसऱ्याला एक. तिसऱ्याला एक.
"चार," तो म्हणतो. "सम.
म्हणजे दोन्ही हात वर,
मिरवणुकीत देवीपुढं उभ्या बाईसारखे."

निकानोरा गप्प.
पंचवीस वर्षांत ती एवढंच शिकली,
की चुकीच्या उत्तराला बसायला खुर्ची द्यावी,
थोडं टेकलं की ते आपणहून उठतं.

खिडकीकडून एउलोखियाचा आवाज.
ती बाजारात दिवसभर बटाटे तोलते,
काट्यातली खोट तिला लांबून दिसते.
"शेवटच्या कंसात बघ.
दोनच्या आड उणे दडलंय."

खरंच की.
इतका वेळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर
ते दोनच्या आडोशाला बसून होतं,
तिकीट न काढलेल्या प्रवाशासारखं.

"आता x ला हजार करा," निकानोरा म्हणते.
"हजारात तीन मिळवले काय, एक काढला काय?
दर्यात खसखस."
ज्यांनी दर्या कधी पाहिला नाही
ते अकराही जण हसतात.
उरतं एक पद, उणे x चा चौथा घात.
बाकीची पदं असतातच, जात नाहीत कुठं,
फक्त तितक्या लांबून त्यांचा आवाज येत नाही.

"आणि उणे हजार घातले तर?"
फोर्तुनातो पानांवरून बोट फिरवतो.
"चार वेळा गुणलं की त्याचं उणेपण फिटतं.
बाहेरचं मात्र राहतं."
मग थोड्या वेळानं,
"दोन्ही हात खाली."

ती रेघ काढते.
डावीकडून, फळ्याच्या पार तळातून वर येणारी,
उणे तीनपाशी अक्ष ओलांडून चढते, चढत राहते,
मोठा थोरला उंचवटा,
मग उतरते, एकपाशी अक्षाला नुसता पाय लावते
आणि पुन्हा उठते, एवढीशी टेकडी,
दोनपाशी बुडते ती बुडतेच.

खडूचा आवाज थांबतो.
कुणीच फळ्याकडे बघत नाही आहे.
खिडकीत सेरो रिको,
कुशीला त्याची ती लहान टेकडी,
दोन्हीकडचे उतार अंधारात गेलेले.
"नक्कल केली डोंगराची," मागून विल्बेर पुटपुटतो.
या वेळी कुणी हसत नाही.

"प्रोफेसोरा," फोर्तुनातो विचारतो,
"मी रोज मधे असतो.
उणे तीन आणि दोनच्या मधे कुठंतरी,
जिथं माझ्या बापाचा दिवा विझला.
चौथ्या घाताला तिथलं काही कळतं?"

"नाही," ती म्हणते. लगेच म्हणते.
"त्याला लांबचंच कळतं.
मधलं एकेक बिंदू घेऊन शोधावं लागतं."

"शून्यापाशी किती?"

एकचा वर्ग, गुणिले तीन, गुणिले दोन.
"सहा."
तो वहीत सहा लिहितो,
आणि त्याच्या आधी, गरज नसताना,
अधिकचं चिन्ह.

घंटा होते. उद्याची पाळी सहाला.
बाकावरची पानं तो उचलतो,
दोन, एक, एक,
एकेकाचा देठ खुडतो
आणि अख्खी कोटी गालात ठेवून
उतार उतरू लागतो.